तारेच्या अंगाची खिडकी

पहिल्याच दिवशी मी मालकांच्या आईला भिजवलं.

चूक माझीच. आधी काठी उभी करायची, ब्रश काचेला टेकवायचा आणि मग नळ सोडायचा, असा क्रम. पण कळंबच्या त्या तीन मजली बंगल्यापुढं बघायला माणसं जमली होती. मी जरा ऐटीत आलो आणि नळ आधी सोडला. ब्रश अजून आडवाच. पाणी फिस्सकन सुटलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या थोरल्या बाईंच्या पदरावर गेलं. फार नाही. चूळ भरावी एवढं.

मी काठी टाकून पळालो. पायऱ्यांपाशी उभं राहून म्हणालो, "आज्जी, चुकलं. पन पाणी एकदम साफ हाय. प्यालात तरी चालतंय."

वर खिशातनं मीटर काढला. पाण्यात किती क्षार आहे ते तो दाखवतो. माझ्या पाण्यात बुडवला की शून्य. तो शून्य मी हात लांब करून म्हातारीला दाखवायला लागलो, पोरगं पाटीवरचे मार्क दाखवतं तसा.

थोरल्या बाई मागं सरल्या. सुनेला म्हणाल्या, "पाणी काढ गं. डोक्यावरनं न्हाते."

"सकाळी न्हालात की, आत्याबाई."

"परत न्हाते."

आणि गेल्या. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, म्हातारीला गारठा लागला. चाळिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप, मी तिथं उभा राहून मालकांना म्हणालो, "आज्जींना कडक चहा द्या."

मालक हसले. जमलेली माणसंही हसली. मीही हसलो, उगं मागं राहायला नको म्हणून.

"जुनी माणसं हायत," मालक म्हणाले. "तू कर तुझं काम. लांबनंच होतं ना हे? बरंय मग."

मला ती काठीची तारीफ वाटली.

काम काय ते सांगतो, कारण आमच्या जिल्ह्यात ते कुणाला ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांना तर अजून वाटतं जावई मासे धरतो. लांब काठी असते, एकात एक सरकणारी, कार्बनची, वजनाला हलकी. टोकाला ब्रश. काठीच्या पोटातून बारीक नळी वर जाते. खाली टेंपोत टाकी आणि पाणी गाळायची यंत्रं. पाण्यातला क्षार पार काढून टाकायचा, मग ते वर सोडायचं. असं पाणी काचेवर वाळलं तरी मागं काही ठेवत नाही. पुसायचं नाही. शिडी नाही, झुला नाही. माणूस जमिनीवर उभा.

पुण्यात मी बरीच वर्षं दोरीला लटकून काचा पुसल्या. वरच्या मजल्यावरच्या मीटिंगा बाहेरून बघितल्या. पाठ गेली तेव्हा खाली उतरलो. मग ठेकेदारानं ही काठी आणली, मी ती शिकलो, आणि डोक्यात आलं की आपल्याकडंही आता काचाच काचा झाल्यात. दवाखान्यांना काचा, शोरूमना काचा, मंगल कार्यालयांना काचा. आणि सगळ्यांवर धूळ.

बायको म्हणाली, "आपल्यात प्यायला टँकर येतो, आन् तुम्ही पाण्यानं काचा धुणार. गावात सांगू नका. मारतील."

तरी टेंपोला हार तिनंच घातला.

मालकांचं काम हे आमचं पहिलं मोठं काम. त्यांची आडत, त्यांचं कार्यालय, बाजारपेठेतल्या मोठ्या इमारती त्यांच्याच. कळंबातली निम्मी काच त्यांची म्हणा. "घट बसायच्या आत बंगला धुऊन दे," ते म्हणाले होते. "पसंत पडलं तर बाकीचं बी तुलाच." पसंत नाही पडलं तर काय, ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. त्यांनी हाकलून दिलेल्या माणसाला त्या गावात कोण बोलावणार? धंदा सुरू होण्याआधीच गुंडाळायचा. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच मी इतकं हसत होतो.

पहिल्या दिवशी फाटकातच त्यांनी माझं नाव विचारलं होतं. मग आडनाव. आडनाव आमचं असं की त्यावरून काही कळत नाही. मग गाव. मी म्हणालो, सास्तूरच्या बाजूला.

"म्हंजे भूकंपानंतर नवीन वसलेलं. सगळी घरं ओळीनं हायत ना तिकडं?"

"जी."

"तुझं कुठल्या ओळीत?"

मी सांगितलं. कुणाची घरं शेजारी, तेही सांगितलं. आपण काय लपवायचं?

"हां," ते म्हणाले. एवढंच.

मग चहा आला. त्यांना कपात, मला कागदी पेल्यात. मी मनात म्हटलं, कामावरच्या माणसाला असाच देतात, धुवायची कटकट नको. मी फार समजूतदार. समोरच्याला पटकन कारण शोधून देतो. त्यांना स्वतःला शोधावं लागू नये.

बंगल्याच्या मावळतीकडून विजेची मोठी लाइन गेलेली. तार आधीची, बंगला नंतर वाढत वाढत तिच्याजवळ गेलेला. तिसऱ्या मजल्यावर देवघर, त्याची खिडकी त्या तारेच्या अंगाला. तारेला एक वटवाघूळ लटकलेलं. कधीचं मेलेलं, वाळून काळा चिंधा झालेला. वारा आला की हलायचं. खाली उभं राहिलं की तारेचा हूंऽऽ असा आवाज यायचा, दात आवळून कुणी गुणगुणावं तसा.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मालक, ती एक खिडकी काठीनं होत न्हाय. कार्बनमधनं वीज येते. सरकती खिडकी हाय, आतनं हात घालून पुसून देतो."

"बघू," ते म्हणाले.

त्या दिवशी बाकी सगळी काच धुतली. संध्याकाळी अशी दिसली की मधे काच आहे की नाही कळेना. मी गड्याला म्हणालो, "मामा, बघा की." तिथं एक वयस्क गडी होता, फाटकाशेजारच्या खोलीत राहायचा, बाग बघायचा. त्यानं काचेकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "जावा लवकर. आभाळ आलंय."

सकाळी फोन. "काचंला डाग पडलेत. ये."

गेलो. काचेवर पांढरे ठिपके. वरपासून खालपर्यंत. अंगावर देवी उठाव्यात तशी काच. मी मीटर काढला. शून्य. परत टाकला. शून्य. टाकी रिकामी केली, परत भरली, परत बघितलं. मालक पायऱ्यांवर उभे. त्यांच्यासोबत आडतीवरची माणसं.

"मशीन पुण्याचं, आन् हात कुठला?" मालक म्हणाले.

माणसं हसली.

"कायतरी गाळणीत गडबड असल, मालक. परत धुऊन देतो."

"फुकट."

"फुकटच की."

"कान धर मग."

मला वाटलं गंमत आहे. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर हसू होतं, पण ते थांबून राहिले होते. पुढं काही होईपर्यंत ते हसू तसंच राहणार होतं.

मी कान धरले.

दोन्ही हातांनी. हसत. माझ्या मोठ्या पोराला मिसरूड फुटलंय, आणि मी कळंबला एका बंगल्यापुढं कान धरून उभा. एकानं मोबाइल वर केला. मग "सोड, सोड," मालक म्हणाले, "लई मनाला लावून घेतोस." मी सोडले. कान गरम लागत होते, कुणी पिरगाळल्यासारखे.

दिवसभर परत धुतलं. गाळणीतला माल बदलला. एकेका काचेला दोनदा पाणी दिलं. ऊन असं की पाठ भाजून निघाली, आणि आभाळाच्या कडेला काळं साचत चाललेलं. तार गुणगुणत होती. वरच्या एका खिडकीतून थोरल्या बाई बघत होत्या. मी ज्या काचेवर ब्रश न्यायचो, तिच्या मागं त्या यायच्या. पडदा जरा हलायचा. मी कुठं कुठं टेकलो याची कुणी नोंद ठेवतंय असं वाटायला लागलं.

संध्याकाळी काच परत स्वच्छ. मी सगळं गुंडाळलं आणि निघालो.

विसरणं हा माझा जुना गुण. बायको म्हणते, लग्नाला वेळेवर आलात हेच विशेष. येडशीच्या अलीकडं खिसा चाचपला तर मीटर नाही. बंगल्याच्या कठड्यावर राहिला. तो नसला तर माझा धंदा आंधळा. टेंपो वळवला.

कळंबला पोचलो तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. फाटक अर्धं उघडं. गाडी बाहेर लावून मी आत पाय टाकणार, तर पाण्याचा आवाज आला.

गडी बागेचा रबरी पाइप धरून काचेवर पाणी मारत होता. बोअरचं पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीच्या कडेला पांढरा थर, घागरीच्या तळाला पांढरा थर. तेच पाणी माझ्या ताज्या काचेवरून ओघळत होतं. खाली थोरल्या बाई. हातात तांब्या. तांब्यातून त्या चार बोटांनी गोमूत्र शिंपडत होत्या.

"खालचं ऱ्हायलं," त्या म्हणत होत्या. "त्याचा ब्रश जिथं जिथं लागला तिथं तिथं मार. कालच्यासारखं कोरडं सोडू नको."

कालच्यासारखं.

मी फाटकात उभा.

सकाळपासून मी माझं पाणी तपासत होतो. टाकी उपसत होतो, गाळणी उघडत होतो, स्वतःला शिव्या देत होतो. फोनवर बायकोला म्हणालो होतो, "माझ्या हातालाच यश न्हाय." पाणी शून्य होतं. पहिल्यापासून शून्य होतं. डाग त्यांच्याच बोअरमधले. मी शिवलो म्हणून त्यांनी ते काचेवर ओतले, आणि त्याच डागांसाठी मला कान धरायला लावले.

आणि पहिल्या दिवशीची ती आंघोळ. ती आत्ता समजली. एवढ्या उशिरा. गारठा म्हणे.

गड्यानं मला बघितलं. त्याची मान खाली गेली. पाइप चालूच.

मालक बाहेर आले. मला वाटलं आता ते दचकतील, काहीतरी सारवासारव करतील. मी त्यांच्यासाठी एखादं कारणही शोधायला लागलो होतो बहुतेक, सवय अशी जात नाही. पण ते दचकले नाहीत.

"आलास? बरं झालं. ती एक खिडकी ऱ्हायलीय. देवघराची."

"मालक, हे पाणी..."

"आईचं हाय ते. मनाला लावू नको. डागाचं म्या बघतो, उद्यापासनं मारू देत न्हाय. तुला पुढची कामं बी द्यायचीत. तेवढी खिडकी करून टाक आत्ता."

"करतो. आतनं दोन मिनटाचं काम हाय."

"आत नको."

"फडकं नवीन आणलंय. पाय धुऊन येतो."

"घट बसायचेत रे तिथं. लांबनंच धू."

"तार हाय, मालक."

"ठाऊक हाय मला." ते शांतपणे म्हणाले, समजुतीच्या सुरात. "म्हनून तर पोरास्नी त्या गच्चीवर जाऊ देत न्हाय आम्ही. तू जपून कर."

त्यांना ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नसतं तर मी समजावून सांगितलं असतं. ते शिकलेले आहेत, शहाणे आहेत, तार काय करते ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. घरातल्या कुणीही खिडकी सरकवून फडकं फिरवलं असतं तर काम झालं असतं, पण काच पुसणं हे घरातल्यांचं काम नव्हतं. मी आत यायचं नव्हतं. मग उरली तार. माझा पाय त्यांच्या उंबऱ्यावर पडण्यापेक्षा मी बाहेर जळालेला त्यांना चालणार होता. हे त्यांनी रागानं नाही ठरवलं. चहा कपात द्यायचा की पेल्यात, तेवढ्याच सहज ठरवलं.

आणि मी काय केलं? मी टेंपोपाशी जाऊन काठी उचलली.

खोटं कशाला सांगू. उचलली. बाजारपेठेतल्या इमारती डोळ्यापुढं आल्या. टेंपोवर वाळलेला हार आला. हात आपोआप काठीचा एकेक टप्पा सोडायला लागले. काठी वर चालली. दूर येरमाळ्याच्या बाजूला वीज चमकली, आवाज आला नाही. तार गुणगुणत होती. हातावरचे केस उभे राहिले. भीतीनं की तारेनं, कोण जाणे. वर ते वटवाघूळ हललं, आणि त्याच्या पलीकडं काचेमागं थोरल्या बाई खालनं वर येऊन उभ्या राहिल्या होत्या. काठी कुठं टेकते ते बघायला. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

मी थांबलो.

मग काठीचे टप्पे एकेक करून परत आत सरकवले. सगळे. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ मालक बघत राहिले.

"काय झालं?"

"न्हाय."

"काय न्हाय?"

"धुणार न्हाय. ही बी न्हाय, दुसरी बी न्हाय. आत घ्या, न्हायतर तुमची काच तुमच्यापाशी ठेवा."

लिहायला हे बरं दिसतं. प्रत्यक्षात आवाज फाटला. पोरगं वयात येताना फाटतो तसा. 'न्हायतर'पाशी तर शिट्टीच वाजली. पण बोललो ते बोललो.

मालक हसले नाहीत. "बरं," म्हणाले. "जा. कळंबात तुझी गाडी परत दिसू देऊ नको." आणि मान न वळवता गड्याला म्हणाले, "गच्चीवर नळाचा पाइप पडलाय बघ, लोखंडी. त्याला फडकं बांध. सकाळी ती खिडकी तू कर. खालनं."

गडी आमच्यातला नव्हता. पण देवघर त्यालाही खुलं नव्हतं.

"जी," तो म्हणाला.

मी मीटर उचलला, काठी टेंपोत टाकली आणि निघालो.

वाटभर मी ताठ बसून होतो. एरवी बायको म्हणते मी पोत्यासारखा बसतो. मनात पक्कं करत होतो. इथून पुढं काम घ्यायच्या आधी विचारायचं, गरज पडली तर आत घेणार का? नाही म्हणाले तर पुढचं बोलणं नाही. कुणाचं कारण आपण शोधून द्यायचं नाही. कान धरायचे नाहीत. पोट भरलं नाही तर परत दोरीला लटकेन, पण कुणाच्या उंबऱ्यापायी तारेखाली उभा राहणार नाही. पाऊस लागला होता. मी काच खाली करून हे मोठ्यानं म्हणून बघितलं. आता आवाज फाटत नव्हता. आता तिथं कुणी नव्हतं ना.

धाराशिवला घरी पोचलो तेव्हा बायको भाकरी टाकत होती. मी हातपाय न धुताच सांगायला बसलो. सगळं सांगितलं. थोरल्या बाईंचा तांब्या सांगितला, काठी आत सरकवताना टकटक आवाज कसा येत होता ते सांगितलं. शिट्टी तेवढी गाळली. मला वाटलं, ती भाकरी थापायची थांबेल, म्हणेल, बरं केलंत.

ती थांबली. पण म्हणाली ते वेगळंच.

"आन् तो पाइप?"

"कुठला?"

"लोखंडी. त्या मामांना धरायला लावलाय तो."

"ते सकाळी..." मी म्हणालो.

"तुम्ही त्यांना सांगितलं, धरू नका म्हनून?"

"मालक हुते तिथं."

"नाव काय त्यांचं?"

दोन दिवस तो माणूस माझ्या शेजारी होता. मी त्याला मामा म्हणालो होतो. नाव विचारलं नव्हतं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकू दिली, उतरवली. गॅस बंद केला. पिठाचे हात पदराला पुसले आणि चपला शोधायला लागली.

"उठा," ती म्हणाली. "गाडी काढा, मी बी येते. आन् फाटकाशी उभं ऱ्हायचं न्हाय आता. आत जायचं. तो पाइप त्यांच्या हातातनं सुटल्याबिगर म्या तिथनं हलणार न्हाय."